विजेचा जमाखर्च

सुशिक्षित कुटुंबांत जमाखर्चाची वही ठेवण्याची चाल जुनी आहे. वाण्याची यादी, दुधाचा हिशेब, मुलांची फी, औषधपाणी, देणगी, प्रवास या साऱ्यांची नोंद त्या वहीत बारकाईने होते. आणि महिनाअखेर ताळा जुळला नाही तर तो का जुळला नाही याची चर्चाही होते. त्याच वहीत विजेची नोंद मात्र एका ओळीत उरकते : वीजबिल, अमुक रुपये. वाण्याने 'माल, एकूण रुपये चार हजार' एवढीच चिठ्ठी पाठविली आणि तांदूळ किती, डाळ किती, गूळ किती यांचा उल्लेखही केला नाही, तर कोणती दक्ष गृहिणी ती मुकाट्याने स्वीकारील? विजेच्या बाबतीत मात्र आपण सर्वजण, घरातही आणि कारखान्यातही, अशीच चिठ्ठी महिनोन्महिने स्वीकारीत आलो आहोत.

वीज वाचवा, हा उपदेश काही नवा नाही. खोलीबाहेर जाताना दिवा मालवा, पंखा बंद करा, हे शाळेतील मुलांनाही पाठ असते. उपदेश चांगला आहे, आणि तो पाळणाऱ्यांचे आम्ही कौतुकच करतो. परंतु त्यामुळे एक गैरसमज दृढ झाला आहे : विजेची नासाडी म्हणजे माणसाचा आळस, आणि बचत म्हणजे एक प्रकारचा उपवास, असे आपण धरून चालतो. आमचे म्हणणे थोडे निराळे आहे. विजेच्या नासाडीचे मोठे कारण आपल्या व्यवहाराच्या घडणीतच आहे. यंत्र किंवा इमारत निवडतो एक, आणि तिचे वीजबिल वर्षानुवर्षे भरतो दुसरा. निवडणाऱ्याला बिलाची झळ नाही, आणि भरणाऱ्याला निवडीचा अधिकार नाही. ही विसंगती जेथे मोडली तेथे कोणालाही अंधारात न बसविता बचत झाली आहे, आणि जेथे ती तशीच राहिली तेथे उपदेशाच्या पाट्या भिंतीवर पिवळ्या पडल्या आहेत.

एका युनिटाचा प्रवास

हजार वॉटचे उपकरण एक तास चालविण्यास जी वीज लागते तिला आपण एक युनिट म्हणतो. हे युनिट आपल्या मीटरपर्यंत पोहोचते तेव्हा त्याने बराच मोठा प्रवास केलेला असतो. आपल्या देशातील विजेचा मोठा वाटा आजही कोळशापासून येतो. चंद्रपूरसारख्या औष्णिक केंद्रात एका युनिटापोटी सुमारे सहाशे ते सातशे ग्रॅम कोळसा जळतो, आणि त्या कोळशातील उष्णतेपैकी जेमतेम एकतृतीयांश भाग विजेत उतरतो. बाकीची धुराड्यावाटे हवेत आणि थंड करणाऱ्या पाण्यावाटे वाफेत जाते. निर्माण झालेल्या विजेचाही, देशाची सरासरी पाहता, सुमारे सहावा हिस्सा तारांत, रोहित्रांत आणि चोरीत नाहीसा होतो.

आता एका कारखान्यातील पाण्याचा पंप डोळ्यांपुढे आणावा. समजा, केंद्रात शंभर वाटे कोळसा जळला. त्यातून पस्तीस वाटे वीज झाली, आणि कारखान्याच्या दारात एकोणतीस वाटे पोहोचली. मोटारीने आपला दशांश घेतला, सव्वीस उरले. सामान्य प्रतीच्या पंपाने तीस टक्के खाल्ले, अठरा उरले. पुढे पाण्याचा जोर आवरण्यासाठी अर्धवट आवळलेला व्हॉल्व्ह आणि गरजेपेक्षा अरुंद नळ यांनी त्यातील जवळजवळ निम्मे घेतले. म्हणजे प्रत्यक्ष पाणी वाहून नेण्यास दहा वाटे लाभले.

हा हिशेब वाचून निराश होण्याचे कारण नाही. तो उलट्या बाजूने वाचावा. नळाच्या शेवटाशी एक वाटा वाचविला तर खाणीच्या तोंडाशी दहा वाटे वाचतात. म्हणून कार्यक्षमतेचा विचार नेहमी शेवटाकडून सुरू करावयाचा असतो : आधी काम किती, मग नळ, मग पंप, मग मोटार. बहुतेकजण मोटारीपासून आरंभ करतात आणि तेथेच थांबतात. वास्तविक, तेवढेच पाणी वाहावयाचे असता नळाचा व्यास दुप्पट केला तर घर्षणापायी खर्च होणारी शक्ती सुमारे बत्तिसाव्या हिश्श्यावर येते. रुंद नळ एकदाच घ्यावा लागतो. घर्षणाचे बिल दरमहा येते.

पूर्वी हा हिशेब डोळ्यांना दिसत असे. मुंबईच्या कापडगिरण्या वाफेच्या इंजिनावर चालत तेव्हा गिरणीच्या आवारात कोळशाचा ढीग असे. इंजिन घेणारा मालक आणि कोळसा घेणारा मालक एकच असल्यामुळे, इंजिन खादाड निघाले तर ढीग लवकर खाली जाई आणि ते मालकास कळे. १९१५ साली खोपोली येथील टाटांचे जलविद्युत केंद्र सुरू झाले आणि सह्याद्रीतील तलावांच्या पाण्यावर झालेली वीज तारांवाटे गिरण्यांना मिळू लागली. मुंबईच्या उद्योगास ते मोठे वरदान ठरले, यात संशय नाही. पण तारेबरोबर एक गोष्ट दृष्टीआड झाली. वीज वापरणाऱ्यांच्या आवारातून ढीग गेला आणि त्याजागी एक आकडा आला. आकडा कोणत्या यंत्राने वाढविला, हे आकडा सांगत नाही.

निवड एकाची, भरणा दुसऱ्याचा

उद्योगांत विजेचा सर्वांत मोठा ग्राहक म्हणजे मोटार. पंप, पंखे, कॉम्प्रेसर, गिरणी, पट्टे हे सर्व तिच्यावर चालतात. मोटारींच्या कार्यक्षमतेच्या आंतरराष्ट्रीय श्रेणी ठरलेल्या असून त्यांस आयई १, आयई २, आयई ३, आयई ४ अशी नावे आहेत. पंधरा किलोवॉटची, म्हणजे सुमारे वीस अश्वशक्तीची, चार ध्रुवांची मोटार घेतली तर पहिल्या श्रेणीत तिची कार्यक्षमता ८८.७ टक्के आणि तिसऱ्या श्रेणीत ९२.१ टक्के असावी लागते. साडेतीन टक्क्यांचाही हा फरक नाही, आणि म्हणून तो क्षुल्लक वाटतो.

आता वर्षाचा हिशेब करू. ही मोटार पूर्ण भाराने वर्षाकाठी सहा हजार तास चालली तर पहिल्या श्रेणीतील मोटार सुमारे १,०१,००० युनिटे घेईल. युनिटास आठ रुपये दर धरला तर हे आठ लाखांवर जाते. मोटारीची स्वतःची किंमत लाखाच्या आत आहे. म्हणजे ही वस्तू आपल्या किमतीच्या कित्येक पट वीज दरवर्षी खाते, आणि अशी वर्षे ती पंधरा-वीस काढते. तिसऱ्या श्रेणीतील मोटार त्याच कामास वर्षाला सुमारे ३,७०० युनिटे कमी घेईल; म्हणजे तीस हजार रुपयांची बचत. अधिक पडलेली किंमत वर्षादीडवर्षात फिटते, आणि पुढे सारा नफाच.

मग कारखानदार ती का घेत नाहीत? कारखानदार मूर्ख नाहीत. परंतु मोटार घेतो खरेदी विभाग, आणि त्याची हुशारी मोजली जाते ती खरेदीच्या रकमेवरून. दहा हजार रुपये कमी करून आणल्याबद्दल तेथे शाबासकी मिळते. विजेचे बिल निराळ्या खात्यात पडते, आणि त्या खात्याच्या प्रमुखास मोटार निवडण्याचा अधिकार नसतो. जळालेली मोटार घाईघाईने पुन्हा गुंडाळून आणण्याचा प्रकारही याच जातीचा आहे. निष्काळजीपणे गुंडाळलेली मोटार फिरते, आवाज करीत नाही, आणि पूर्वीपेक्षा थोडी अधिक वीज खाते. गुंडाळणावळीची पावती सर्वांना दिसते. अधिक खाल्लेली वीज कोणालाच दिसत नाही.

घरांतील स्थिती याहून वेगळी नाही. भाड्याच्या घरात वातानुकूलन यंत्र बसवितो घरमालक आणि बिल भरतो भाडेकरू. मालकाने स्वस्त यंत्र घेतले तर त्याचे काय बिघडले? नव्या इमारतीत भिंत कशाची असावी, खिडकीवर छज्जा किती पुढे यावा, पाणी चढविण्याचा पंप कोणता असावा, हे ठरवितो विकासक. आणि त्या भिंतीची उष्णता पुढली पन्नास वर्षे सोसतात त्यात राहणारे.

जेथे निवड आणि भरणा एकाच हाती आहे तेथेही आपण बहुधा किमतीची चिठ्ठी पाहतो आणि आयुष्याचा खर्च पाहत नाही. छताच्या साध्या पंख्याचे उदाहरण घ्यावे. जुन्या धर्तीचा पंखा पूर्ण वेगात सुमारे ७५ वॉट घेतो. ज्यास बीएलडीसी म्हणतात तो नव्या मोटारीचा पंखा तितकाच वारा सुमारे ३० वॉटमध्ये देतो. दिवसाचे पंधरा तास आणि वर्षाचे तीनशे दिवस पंखा चालला तर वर्षाला दोनशे युनिटांचा फरक पडतो. आठ रुपये दराने सोळाशे रुपये. किमतीतील फरक दीड हजार धरला तरी तो वर्षभरात वसूल होतो. घरात असे चार पंखे असतील तर हिशेब ज्याचा त्याने करावा. मात्र जो पंखा पाहुण्यांच्या खोलीत वर्षातून आठ दिवस फिरतो तो बदलण्यात काही अर्थ नाही. कार्यक्षम वस्तू आधी तेथे हवी, जेथे तास अधिक.

आंधळे दळते

कारखान्यांतील नासाडीचा एक प्रकार असा आहे की त्यास 'आंधळे दळते नि कुत्रे पीठ खाते' ही म्हण तंतोतंत लागू पडते. तो प्रकार म्हणजे दाबलेल्या हवेची गळती. हवा दाबून तिच्यावर हत्यारे चालविणे सोयीचे असते. परंतु ही अतिशय महाग शक्ती आहे. कॉम्प्रेसरला दिलेल्या विजेच्या दहा वाट्यांपैकी प्रत्यक्ष कामास जेमतेम एकदोन वाटे पोहोचतात. बाकी उष्णता होऊन जाते. त्यातच नळीला एक छिद्र पडले तर? सात बारच्या दाबाखाली तीन मिलिमीटरच्या छिद्रातून सुमारे तीन किलोवॉट वीज वाहून जाते. रात्रंदिवस चालणाऱ्या कारखान्यात वर्षाच्या तीनशे दिवसांत अशा एका छिद्राने एकवीस हजारांहून अधिक युनिटे खाल्लेली असतात. पाणी गळले तर चिखल होतो, तेल गळले तर डाग पडतो. हवा गळली तर नुसता बारीक फुसकारा, आणि तोही यंत्रांच्या गोंगाटात बुडून जातो.

ही गळती मोजण्यास मोठे उपकरण लागत नाही. सुट्टीच्या दिवशी, कारखाना शांत असता आणि हवा वापरणारे एकही हत्यार चालू नसता, कॉम्प्रेसर सुरू करावा आणि घड्याळ घेऊन बसावे. गळती नसेल तर दाब भरल्यावर कॉम्प्रेसरवर पुन्हा भार येण्याचे कारण नाही. तो दर दहा मिनिटांत तीन मिनिटे भार घेऊ लागला, तर त्या कॉम्प्रेसरच्या शक्तीपैकी तीन-दशांश निव्वळ गळतीस जाते. घड्याळ, कागद आणि पेन्सिल एवढ्याने ही परीक्षा होते.

दुसरा प्रकार पंख्यांचा आणि पंपांचा. येथे निसर्गाचा एक उदार नियम आहे : वेग कमी केला तर लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात कमी होते. वारा ऐंशी टक्के पुरत असेल आणि पंख्याचा वेगच ऐंशी टक्क्यांवर आणला तर शक्ती जवळजवळ निम्मी लागते. बहुतेक ठिकाणी पंखा मात्र पूर्ण वेगाने फिरवितात आणि पुढे झडप लावून वारा अडवितात. एकीकडे बैलांवर आसूड ओढावा आणि दुसरीकडे चाकाला अडणा लावावा, असा हा प्रकार आहे. वेग बदलणारे इलेक्ट्रॉनिक नियंत्रक आज सहज मिळतात. पण येथेही डोळस असावे. जेथे भार सदा पूर्ण असतो तेथे हे नियंत्रक उलट थोडी वीज स्वतःच खातात. आणि गच्चीवरील टाकीत पाणी चढविताना उंचीचा भार वेग कमी केल्याने घटत नाही, म्हणून तेथे घनाचा नियम जसाच्या तसा लागू पडत नाही. तेथे खरी बचत उंचीला आणि प्रवाहाला नेमका बेताचा पंप निवडण्यात आहे. 'मोटार मोठी असलेली बरी' ही समजूत आपल्या सोसायट्यांनी आता सोडावी.

दोन अर्ध्या इमारतींची गोष्ट

इमारतींच्या बाबतीत एक उदाहरण आम्हास विशेष बोधप्रद वाटते. हैदराबादजवळ पोचारम येथे इन्फोसिस कंपनीने २०११ साली एक कचेरी बांधली. तिचे दोन सारखे अर्धे भाग केले. एका भागात नेहमीच्या पद्धतीची, गार हवा नळ्यांतून फिरविणारी योजना बसविली. दुसऱ्या भागात छताच्या काँक्रीटमध्येच नळ्या घालून त्यांतून गार पाणी फिरविले. छत गार राहते आणि खालील माणसांची व यंत्रांची उष्णता शोषून घेते. पाणी हे हवेपेक्षा उष्णता वाहून नेण्यास फार समर्थ असल्यामुळे मोठमोठे पंखे चालविण्याचा खर्च वाचतो. दोन्ही भागांवर मीटर बसवून वर्षभर मोजणी केली, तेव्हा पाण्याच्या भागास थंडाव्यासाठी सुमारे एकतृतीयांश वीज कमी लागली. आणि बांधणीचा खर्च जवळपास तेवढाच आला.

या गोष्टीतील तांत्रिक भाग महत्त्वाचा आहेच. पण त्याहून एक साधी गोष्ट आमच्या लक्षात राहिली. ही इमारत बांधणारा आणि तिचे बिल भरणारा एकच होता. म्हणून त्यास प्रयोग करावासा वाटला, म्हणून त्याने मीटर लावले, आणि म्हणूनच आकडे लपविण्याचे कारण उरले नाही.

निवासी इमारतींत असे यंत्रवैभव नको. तेथे भिंत आणि सावली हीच मुख्य साधने. जुन्या वाड्यांच्या जाड भिंती, मधला चौक आणि ओटी हे सारे उन्हाळ्याशी केलेले समझोतेच होते. आज जागेच्या किमतीमुळे तसे बांधता येत नाही, हे खरे. परंतु सलग काँक्रीटच्या पातळ भिंतीतून जितकी उष्णता आत येते, तिच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याएवढीच एएसी या सच्छिद्र, हलक्या विटांच्या भिंतीतून येते. पश्चिमेकडील खिडकीवर पुरेसा छज्जा, गच्चीवर पांढरा परावर्तक लेप किंवा उष्णतारोधक थर, समोरासमोर उघडणाऱ्या खिडक्या, यांना कोणतेही परदेशी तंत्र लागत नाही. ज्या घराने ऊन बाहेर ठेवले त्यास यंत्राने ते बाहेर काढावे लागत नाही.

कायद्याने काय साधते

येथे कोणी म्हणेल, की ही विसंगती व्यवहारातलीच आहे तर ती मोडणार कोण? याचे उत्तर अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने पूर्वीच दिले आहे. १९७३ च्या तेलटंचाईच्या वेळी आर्थर रोझेनफेल्ड नावाचे एक पदार्थवैज्ञानिक, जे एन्रिको फर्मी यांचे शिष्य होते, बर्कली येथे काम करीत असत. एका शुक्रवारी रात्री त्यांनी आपल्या मजल्यावरील रिकाम्या खोल्यांतील दिवे मालविण्याचे ठरविले, तेव्हा कित्येक बटणे कपाटांच्या आणि पुस्तकांच्या मागे दडलेली आढळली. दिवे वर्षानुवर्षे कोणी मालविलेच नव्हते. पुढे त्यांनी आपले आयुष्यच या विषयास दिले. कॅलिफोर्नियाने, व मागाहून साऱ्या अमेरिकेने, शीतकपाटांना कार्यक्षमतेची किमान अट घातली. १९७० च्या दशकाच्या मध्यास तेथील नवे शीतकपाट वर्षास सुमारे अठराशे युनिटे घेई. २००१ च्या मानकानंतर ते पाचशेच्या आसपास आले. आकार लहान झाला नाही, उलट वाढला. भाजी पूर्वीइतकीच ताजी राहिली.

आपल्याकडे ऊर्जा संवर्धन कायदा २००१ साली झाला आणि २००२ साली ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो स्थापन झाला. उपकरणांवरील ताऱ्यांची पट्टी २००६ पासून आली. छताच्या पंख्यांस ती २०२३ पासून सक्तीची झाली. पट्टी वाचताना दोन गोष्टी पाहाव्यात. ताऱ्यांचे निकष वेळोवेळी कडक होतात. म्हणून जुन्या वर्षाचे पाच तारे आणि आजचे पाच तारे एक नव्हेत, पट्टीवरील मुदत पाहावी. आणि ताऱ्यांपेक्षाही त्याखाली छापलेली वर्षाची युनिटे वाचावीत. तो खरा जमाखर्च.

२०१५ साली सुरू झालेल्या उजाला योजनेने वेगळी वाट धरली. एलईडी दिवा महाग म्हणून कोणी घेत नव्हते, आणि कोणी घेत नाही म्हणून तो महाग होता. एका सरकारी कंपनीने कोट्यवधी दिव्यांची एकगठ्ठा मागणी नोंदविली, आणि २०१४ साली जो दिवा खरेदीस सुमारे ३१० रुपयांना पडत होता तो २०१६ पर्यंत ३८ रुपयांवर आला. या योजनेखाली छत्तीस कोटींहून अधिक दिवे वाटले गेले. साठ वॉटच्या जुन्या दिव्याचा उजेड आता नऊ वॉटमध्ये मिळतो, आणि यात कोणी अंधार सोसला नाही.

मोठ्या उद्योगांसाठी २०१२ साली 'पॅट' नावाची योजना आली. पोलाद, सिमेंट, खते, कागद, कापड इत्यादी आठ क्षेत्रांतील ४७८ कारखान्यांना प्रत्येकी आपला ऊर्जाखर्च किती उतरवावयाचा याचे लक्ष्य दिले गेले. लक्ष्याहून अधिक बचत करणाऱ्यास प्रमाणपत्रे मिळत, ती तो बाजारात विकू शके. मागे पडणाऱ्यास ती विकत घ्यावी लागत. २०१५ साली संपलेल्या पहिल्या फेरीत सुमारे ६७ लाख टन खनिज तेलाइतक्या ऊर्जेच्या बचतीचे लक्ष्य होते. प्रत्यक्ष बचत सुमारे ८७ लाख टनांची झाली. या योजनेचे मर्म आम्हास असे वाटते, की तिने विजेचा आकडा देखभाल खात्याच्या खोलीतून उचलून संचालकांच्या टेबलावर ठेवला.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप असा, की दात कोरून पोट भरत नाही. भारतात दरडोई विजेचा वापर वर्षास सुमारे चौदाशे युनिटे, जगाच्या सरासरीच्या निम्म्याहूनही कमी. अशा देशाने बचतीच्या गोष्टी कराव्यात काय? आम्ही म्हणतो, अशाच देशाने कराव्यात. ज्याची इमारत बांधून झाली त्यास भिंत बदलणे कठीण. आपल्या देशातील पुष्कळशी घरे आणि कारखाने अजून उभे राहावयाचे आहेत. वापर वाढणारच, आणि तो वाढला पाहिजे. मराठवाड्यातील पत्र्याच्या खोलीत मे महिन्यात राहणाऱ्या कुटुंबास पंखा मिळालाच पाहिजे. प्रश्न एवढाच, की तो पंखा ७५ वॉटचा असावा की ३० वॉटचा. गरिबाच्या बिलात हा फरक श्रीमंताच्या बिलातील फरकापेक्षा फार मोठा असतो.

दुसरा आक्षेप जुना आणि बुद्धिमान आहे. इंग्रज अर्थशास्त्रज्ञ जेव्हन्स याने १८६५ साली दाखवून दिले, की वाफेची इंजिने कार्यक्षम झाली तेव्हा कोळशाचा खप घटण्याऐवजी वाढला. कारण शक्ती स्वस्त झाली आणि तिचे उपयोग वाढले. यात तथ्य आहे. एलईडी स्वस्त झाल्यावर इमारतींच्या दर्शनी भागांवर रात्रभर रोषणाई सुरू झालेली आपण पाहतोच. म्हणून कार्यक्षमतेबरोबर विवेकही हवा. वातानुकूलन यंत्र अठरा अंशांवर ठेवून वर दुलई पांघरणे यास कोणतेही तंत्र उपाय नाही. जानेवारी २०२० पासून ताराधारी यंत्रे सुरू होताना चोवीस अंशांवर असावीत असा नियम झाला आहे, तेथेच ती राहू देणे पुरेसे असते. मात्र या आक्षेपाचा निष्कर्ष 'म्हणून खादाड यंत्रेच ठेवा' असा काढता येत नाही.

आपल्या हाती काय

आमच्या वाचकांपैकी पुष्कळजण जुन्या इमारतींत राहतात आणि त्या इमारतींच्या पुनर्विकासाच्या वाटाघाटी आज ठिकठिकाणी चालू आहेत. सर्वसाधारण सभा रात्री उशिरापर्यंत चालतात. चटईक्षेत्र किती वाढीव, भाडे किती, कॉर्पस निधी किती, स्वयंपाकघरातील ओट्याचा दगड कोणता, यांवर तास खर्च होतात. भिंत कशाची, पश्चिमेला सावली किती, गच्चीस उष्णतारोधक थर आहे की नाही, पंप आणि लिफ्ट कोणत्या प्रतीची, हे मुद्दे सभेत बहुधा निघतच नाहीत. आणि मागणी हीच वेळ आहे. करारावर सही होईपर्यंत विकासकाची निवड आणि सभासदांचा भरणा यांची गाठ घालता येते. सहीनंतर ती सुटली ती सुटलीच.

२०१८ साली केंद्र सरकारने निवासी इमारतींसाठी 'इको निवास संहिता' प्रसिद्ध केली असून तिच्यात भिंती व खिडक्यांवाटे येणाऱ्या उष्णतेची मर्यादा घालून दिली आहे. 'इमारत या संहितेप्रमाणे असावी आणि वास्तुविशारदाने तसा हिशेब लेखी द्यावा' एवढे एक वाक्य करारात घालण्यास सोसायटीस कोणाच्या परवानगीची गरज नाही. प्रत्येक सोसायटीत एखादे निवृत्त अभियंते असतात. त्यांच्यावर हे काम सोपवावे. ते आनंदाने करतील.

ज्यांची मुलेबाळे कारखाने चालवितात त्यांनी त्यांस एवढेच विचारावे, की गेल्या वर्षी घेतलेल्या मोटारींच्या वीजबिलाचा आकडा खरेदीच्या फायलीत जोडलेला आहे काय. आणि गृहिणींनी, किंवा घरात वही ज्याच्या हाती असेल त्याने, एका महिन्यापुरता तरी प्रयोग करावा : शीतकपाट, पंखे, गीझर, वातानुकूलन यंत्र, प्रत्येकाचे वॉट आणि तास लिहून गुणाकार करावा, हजाराने भागावे, आणि बेरीज बिलाशी ताडून पाहावी. बेरीज पहिल्या खेपेस जुळणार नाही. ती का जुळली नाही याचा शोध घेताना कोणते उपकरण किती खाते हे घरातील सर्वांना, मुलांनाही, आपोआप कळेल. आणि पुढली वस्तू घेताना दुकानात किंमत विचारून झाल्यावर दुसरा प्रश्न आपण होऊन ओठांवर येईल : ही वर्षाला किती युनिटे घेते?